यकृतातली गाठ आणि विरळ हवेतला श्वास

तिबेटच्या पठारावर याक आणि मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबाच्या दारात कुत्रा असतोच. तो कळप राखतो, रात्री लांडग्यांवर भुंकतो. जनावर कापले की काळीज-फुफ्फुसाचा टाकाऊ भाग त्याच्यापुढे टाकतात. त्यात जंतूच्या गाठी असल्या तर आजार तिथूनच घरात शिरतो. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात.

कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, कुत्र्याच्या केसांत जातात. न धुतलेल्या हातावाटे ती माणसाच्या पोटात गेली की बहुतेक वेळा यकृतात गाठ धरते. कुत्र्याला खाऊ घालणे, जळणासाठी याकचे शेण गोळा करणे ही कामे तिथे बायकांची. म्हणून हा आजारही त्यांच्यात जास्त. गाठ वर्षानुवर्षे न दुखता वाढते. दुसऱ्या एका प्रकारचा कृमी कोल्ह्यांतही असतो. त्याची गाठ कर्करोगासारखी यकृतात पसरते. सिचुआन प्रांतातील शिछू तालुका ४,००० मीटरहून उंच आहे. तिथे दोन्ही प्रकार आढळतात.

आजार यकृताचा, मग हृदय आणि फुफ्फुसे कशाला तपासायची? कारण त्या उंचीवर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत साधारण ६० टक्केच असतो. प्राणवायू कमी पडला की फुफ्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतला दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. तिबेटी लोकांच्या शरीराने पिढ्यान्‌पिढ्या हे बरेच पचवले आहे. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन फारसे वाढत नाही, आणि त्यामागचे जनुक २०१० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. पण म्हणून प्रत्येक जण सुरक्षित असतो असे नाही.

त्यात यकृत बिघडले तर उलटाच प्रकार होऊ शकतो. यकृताच्या शिरा दाबल्या गेल्या की काही रुग्णांच्या फुफ्फुसातील बारीक वाहिन्या फुगतात आणि रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे जाते. असा माणूस बसला की धापा टाकतो, आडवा झाला की त्याला बरे वाटते! शिवाय यकृताच्या वरच्या भागातली मोठी गाठ उजव्या फुफ्फुसाला दाबते. फुटली तर जिवावर बेतणारी अॅलर्जी होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधी टू-डी इको आणि फुफ्फुसांची तपासणी महत्त्वाची. भूल द्यायची ती याच विरळ हवेत.

कुत्री मारून टाकणे हा उपाय तिथल्या बौद्ध समाजाला मान्य होणारा नव्हता, आणि त्याची गरजही नाही. कुत्र्यांना नियमित प्राझिक्वांटेलची गोळी देणे आणि मेंढ्यांना लस टोचणे, हा मार्ग चीनच्या सरकारी मोहिमेने घेतला आहे. माणसाला अल्बेंडाझोल दीर्घकाळ द्यावे लागते, काहींना शस्त्रक्रियाही लागते.

हा कृमी महाराष्ट्रातही आहे. वस्तीत बोकड कापल्यावर पाण्याच्या गाठी असलेले काळीज किंवा फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. सोनोग्राफीत यकृतात हायडॅटिड गाठ निघाली तर छातीचा एक्स-रेही काढून घ्या, कारण यकृताखालोखाल ती फुफ्फुसातच सापडते.