कोणते कळंब? संगणकाच्या भाषेत नावांचा पत्ता

इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला लागून कळंब नावाचे गाव आहे, धाराशिव जिल्ह्यात कळंब हा तालुका आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही त्याच नावाचा आणखी एक तालुका आहे. वालचंदनगरात लिहिलेल्या चिठ्ठीत ‘कळंबला उतरावे’ एवढाच मजकूर असेल आणि ती चिठ्ठी यवतमाळात कोणी वाचली, तर नेमके उतरायचे कोठे, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. चिठ्ठी जेथे लिहिली गेली तेथील कळंब, हे एक उत्तर. चिठ्ठी जेथे वाचली जाते तेथील कळंब, हे दुसरे. व्यवहारात पहिलेच उत्तर बरोबर ठरते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात त्याच्या शेजारचेच गाव असते. संगणकाच्या भाषा घडवणाऱ्यांना मात्र हे साधे उत्तर पक्के करण्यासाठी बरीच वर्षे खर्ची घालावी लागली.

प्रोग्राममधील प्रत्येक नावाला काही अर्थ असावा लागतो आणि तो अर्थ नोंदवलेल्या वहीला ‘एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे नावांचा परिसर, असे म्हणतात. जॉन मॅकार्थी यांनी 1958 च्या सुमारास रचलेल्या लिस्प या भाषेत फंक्शन, म्हणजे हवे तेव्हा चालवता येणारा मजकुराचा तुकडा, ज्या ठिकाणी चालवले जाई तेथील वही उघडली जात असे, म्हणजे चिठ्ठीचा अर्थ वाचणाऱ्याच्या गावावर ठरत असे. या पद्धतीला गतिमान व्याप्ती म्हणतात आणि पुढे खुद्द मॅकार्थी यांनीच तिची गणना चुकांमध्ये केली. पीटर लँडिन यांनी 1964 मध्ये यावर तोड सुचवली ती अशी, की फंक्शनचा मजकूर आणि ते जेथे लिहिले गेले त्या परिसराचा पत्ता ही जोडी एकत्र बांधून ठेवावी. या जोडीला त्यांनी ‘क्लोजर’ असे नाव दिले. एमआयटी या अमेरिकी संस्थेतील जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी 1975 मध्ये गणितज्ञ अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कलनावर, म्हणजे फंक्शनांच्या गणितावर, आधारलेला एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे मजकूर वाचत वाचत त्याची किंमत काढणारा प्रोग्राम, लिहिला, तेव्हा ही जोडी एका नव्या भाषेच्या मुळाशीच बसली. त्या भाषेचे नाव खरे तर ‘स्कीमर’ ठेवायचे होते, परंतु त्यांच्या संगणकावर फाइलच्या नावाला सहाच अक्षरांची मुभा असल्याने ते ‘स्कीम’ असे उरले. सुपे परिसरातील शेतकऱ्याला स्कीम म्हटले की जनाई-शिरसाईसारखी पाणी उपसून देणारी योजना आठवावी, यातही परिसराचाच महिमा आहे.

क्लोजर आतून कसा चालतो, हे समजण्यासाठी उसाच्या बिलाइतके सोयीचे उदाहरण बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरे सापडणार नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला येथील ऊस सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांना जातो, आणि त्याच्या किमान दराचा, म्हणजे एफआरपीचा, आधार केंद्र सरकार ठरवते. 2024-25 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये, असा तो आधार होता. टनाच्या हिशेबात हे आकडे 3,400 रुपये आणि 33.20 रुपये असे होतात. हिशेबाचा मजकूर स्कीमच्या धाटणीत, इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून, असा लिहिता येईल:

(लॅम्डा (टन) (* टन (+ मूळदर (* वाढ पायऱ्या))))

स्कीममध्ये क्रियेचे चिन्ह आधी आणि राशी नंतर येतात, त्यामुळे ही ओळ प्रथमदर्शनी उलटी वाटते. ‘लॅम्डा’ म्हणजे येथे ‘टन’ घेणारे फंक्शन. ओळीचा अर्थ इतकाच, की मूळदरात उताऱ्याच्या पायऱ्यांची वाढ मिळवावी आणि बेरजेला टनांनी गुणावे. या ओळीतील नावे तीन वेगवेगळ्या वह्यांत राहतात. ‘टन’ शेतकऱ्याच्या वहीत, ‘पायऱ्या’ कारखान्याच्या वहीत, ‘मूळदर’ आणि ‘वाढ’ देशाच्या वहीत. आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तिच्या बाहेरच्या वहीचा पत्ता लिहिलेला असतो. इंटरप्रिटर नाव प्रथम सर्वांत आतल्या वहीत पाहतो, तेथे न मिळाल्यास बाहेरच्या वहीत जातो आणि देशाच्या वहीतही ते नसेल तर हे नाव अपरिचित आहे, असे सांगून थांबतो.

समजा, बारामती तालुक्यातील एका कारखान्याचा उतारा 11.25 टक्के आणि इंदापूर तालुक्यातील दुसऱ्याचा 10.75 टक्के आहे, म्हणजे पहिल्याच्या वहीत पायऱ्या 10 आणि दुसऱ्याच्या वहीत 5 आहेत. वरील एकच ओळ दोन्ही ठिकाणी लिहिली असता दोन क्लोजर तयार होतात, ज्यांचा मजकूर अक्षरशः सारखा असूनही 40 टन उसाला पहिला 1,49,280 रुपये सांगतो आणि दुसरा 1,42,640 रुपये. पहिला क्लोजर इंदापुरात नेऊन चालवला तरी त्याचे उत्तर बदलत नाही, कारण त्याने आपल्या जन्मस्थानाची वही बगलेत धरलेली असते.

येथे एक गैरसमज हमखास होतो. क्लोजर आकड्यांची नक्कल करून ठेवतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो वहीचा पत्ता ठेवतो. 2025-26 साठी केंद्राने आधार 355 रुपये आणि वाढ 3.46 रुपये केली; देशाच्या वहीत 3,550 आणि 34.60 अशी खाडाखोड होताच पहिला क्लोजर, त्याच्या मजकुराला कोणी हातही न लावता, त्याच 40 टनांना 1,55,840 रुपये सांगू लागेल.

आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रोग्रामचा मजकूर आधीच लिहून झालेला होता. नंतर सुचलेली ओळ जुन्या वहीत नेऊन तिची किंमत काढता येईल का, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडते. तो खर्च कारखान्याच्या वहीत नोंदलेला आहे, पण बिलाची ओळ लिहिताना त्याचा विचारच झाला नव्हता, असे मानू. स्कीममध्ये प्रोग्रामचा मजकूर हीसुद्धा एक यादीच असल्याने वजाबाकीची नवी ओळ यादीच्या रूपात तयार करता येते आणि ‘इव्हॅल’ या क्रियेला ती ओळ व धरून ठेवलेली वही अशा दोन्ही गोष्टी देता येतात. एमआयटीच्या स्कीममध्ये चालू परिसर हाती घेण्यासाठी स्वतंत्र शब्दरचनाच आहे. इव्हॅल नव्या ओळीतील ‘तोडणी-वाहतूक’ हे नाव त्या कारखान्याच्या वहीत शोधतो, जणू ती ओळ पहिल्या दिवशीच तेथे लिहिलेली होती. इंटरप्रिटरला हे अजिबात जड नाही, कारण त्याचे सगळे काम मुळात एवढेच आहे: एक ओळ घेणे, एक वही घेणे, किंमत काढणे.

किंमत चुकती करावी लागते ती कंपायलरला, म्हणजे सगळा प्रोग्राम आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवणाऱ्या साधनाला. कोणते नाव कोठे वापरले आहे, हे त्याला आधी कळते, म्हणून न लागणारी नावे तो पुसून टाकतो आणि लागणाऱ्यांच्या जागी थेट क्रमांक ठेवतो. मात्र उद्या कोणीही येऊन कोणतेही नाव विचारू शकत असेल, तर त्याला एकही नाव पुसता येत नाही. शिवाय क्लोजरच्या आत झाकलेली नोंद बाहेरच्याला बदलता येऊ लागते, आणि हिशेबाच्या प्रोग्राममध्ये हा धोका किरकोळ नाही. म्हणूनच 1998 च्या स्कीम प्रमाणपत्रकाने, म्हणजे भाषेचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजाने, इव्हॅलला वही देण्याची सोय केली, पण दिलेल्या वह्या मोजक्याच आणि सर्वांत बाहेरच्या थरातील होत्या; फंक्शनच्या पोटातील वही मागण्याचा मार्ग त्यात ठेवला नाही. हा कंजूषपणा योग्यच म्हणावा लागेल. स्कीमचा प्रभाव घेऊन 1995 मध्ये जन्मलेल्या जावास्क्रिप्टने याबाबतीत हात सैल सोडला आणि थेट वापरलेल्या इव्हॅलला आजूबाजूच्या सगळ्या स्थानिक नावांपर्यंत पोहोचू दिले. त्या भाषेच्या जाणकारांना आज इव्हॅल टाळण्याचाच सल्ला द्यावा लागतो. एमआयटीच्या स्कीमची पुस्तिकाही चालू परिसर हाती घेण्याची रचना फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवरच वापरावी, असे सांगते, कारण तेथील वही इंटरप्रिटरच्या ताब्यात आधीपासूनच असते आणि कंपायलरचे काही बिघडत नाही.

2007 च्या प्रमाणपत्रकापासून स्कीममध्ये नावे युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीतही, लिहिता येतात आणि एमआयटीची आवृत्ती विनामूल्य मिळते. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी वरील ओळ ‘लॅम्डा’ एवढा शब्द रोमनमध्ये बदलून चालवून पाहावी आणि पायऱ्यांच्या जागी आपापल्या कारखान्याच्या खऱ्या उताऱ्यावरून निघणाऱ्या पायऱ्या घालाव्यात.