बजीचा पिंजरा बदलताना

पिंजरा स्वच्छ धुऊन, नवा झोपाळा टांगून जागेवर ठेवला की बजी आनंदाने किलबिलू लागेल, असे पाळणाऱ्याला वाटते. बहुतेक वेळा उलटेच घडते. पक्षी सर्वांत उंच दांडीच्या टोकाला जाऊन बसतो, पिसे अंगाशी घट्ट आवळतो, एरवीपेक्षा बारीक आणि उंच दिसू लागतो आणि हलत नाही. याला रुसवा समजू नये. ही भीती आहे. जेमतेम ३० ते ४० ग्रॅम वजनाचा हा छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, ससाण्यांचे नेहमीचे भक्ष्य. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. काल नव्हते आणि आज आहे, अशा प्रत्येक गोष्टीवर आधी संशय घेणारेच पक्षी रानात टिकले.

इतिहास थोडक्यात असा. १८०५ मध्ये जॉर्ज शॉ यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे निळे, पिवळे, पांढरे रंग पैदाशीतून आले. महाराष्ट्रात यालाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, वेगळ्या प्रजातीचे. आपला रानपोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये गुन्हा आहे. बजी परदेशी असल्याने घरोघरी दिसतो.

बजीची ही नव्याची भीती लक्षात घेऊन नवी वस्तू थेट पिंजऱ्यात घालू नये. आधी ती पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर, पक्ष्याला दिसेल अशी दोन-तीन दिवस ठेवावी, मग बाहेरून जाळीला टांगावी आणि शेवटी आत न्यावी. एका वेळी एकच बदल करावा. लाकडी गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावणे फार चांगले, कारण कमी-जास्त जाडीमुळे पायांना व्यायाम मिळतो आणि तळव्यांना घट्टे पडत नाहीत. तरीही झोपायची उंच दांडी सर्वांत शेवटी बदलावी. कोकणच्या किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस चुन्यासाठी लावतात. त्यालाही काही बजी आठवडाभर चोच लावत नाहीत, मग एका सकाळी त्याचा भुगा खाली पडलेला दिसतो.

मडक्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे पिंजरा घेतला की 'घर' म्हणून मडके टांगण्याची पद्धत आहे. बजीला झोपायला घर लागत नाही. तो फांदीवर झोपतो. ढोली त्याला फक्त अंडी घालायला हवी असते. मडके दिसताच मादीची वीण जागी होते, ती ते राखू लागते आणि दुसऱ्या मादीला रक्त निघेपर्यंत चोचते. पिल्ले नको असतील तर मडके नकोच.

नवा पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा, कारण बजी आडवा उडतो. जाळीच्या तारांमध्ये अर्ध्या इंचाहून जास्त फट नसावी. जस्ताचा मुलामा असलेली नवी तार व्हिनेगर आणि ब्रशने घासून धुवावी, कारण ते जस्त पोटात गेले तर विषबाधा होते. दोन्ही पिंजरे दारे समोरासमोर करून शेजारी ठेवावेत, नव्यात ओळखीच्या दांड्या आणि जुनी खाण्याची भांडी लावावीत आणि पक्ष्याला आपणहून जाऊ द्यावे. हे काम सकाळी करावे, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्याला नवी जागा पाठ होते. एक बाजू भिंतीला लागून असली की त्याला आधार वाटतो.

खाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. राळ्याची वाटी भरलेली दिसते, पण वरचा थर टरफलांचाच असतो. फुंकर मारल्याशिवाय कळत नाही. घाबरलेला बजी नुसते दाणे उचलून टाकतो. खरी साक्ष विष्ठेची. ती कमी झाली आणि पक्षी दिवसभर खात नसेल, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठावे. इतक्या लहान जिवाला उपास सोसत नाही.

दांड्या आणि भांडी सांभाळूनही एक गोष्ट राहते आणि बजीच्या बाबतीत तीच सर्वांत मोठी आहे: आवाज. गूल्ड यांनी याच्या प्रजातीला दिलेल्या नावाचा अर्थच 'गाणारा पोपट' असा आहे. थव्यातला प्रत्येक बजी एक छोटी हाक देत राहतो आणि उत्तराची वाट पाहतो. ही हाक जन्मभर बदलू शकते. अनोळखी बजी एकत्र ठेवले तर काही आठवड्यांत त्यांच्या हाका एकमेकांसारख्या होतात, आणि जोडी जमताना नर मादीची हाक उचलतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. हीच शिकण्याची ताकद माणसाच्या शब्दांनाही लागू पडते. १९९४ मध्ये मेलेल्या कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम आहे. एकाची जांभई पाहून दुसराही जांभई देतो, इतके हे पक्षी एकमेकांशी बांधलेले असतात.

म्हणून पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवला की बजी वारंवार हाक देतो. त्याला उत्तर मिळाले पाहिजे. घरच्या माणसाने रोजचीच शीळ, रोजच्याच सुरात, दाराआडून दिली तरी तो शांत होतो. जोडी असेल तर दोघांना एकत्रच हलवावे. नवा पक्षी आणल्यास महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून आजार नाही याची खात्री करावी. त्या काळात एकमेकांची हाक कानावर पडली तर भेट सोपी जाते.

दिवाळीत मात्र बदल टाळावेत. ताज्या रंगाचा वास, उदबत्तीचा धूर आणि फार तापलेल्या नॉनस्टिक कढईची वाफ पक्ष्याच्या फुप्फुसांना घातक असते; या वाफेने काही मिनिटांत मृत्यू येतो. रात्री फटाक्याने दचकलेला बजी अंधारात जाळीवर आदळतो, तेव्हा मंद दिवा चालू ठेवावा आणि हळू आवाजात बोलत राहावे.

पक्षी रुळला हे संध्याकाळी कळते. तो एक पाय पोटाशी घेतो, पिसे सैल सोडतो आणि चोच घासल्याचा बारीक करकर आवाज करतो. नराची लांब गुणगुण पुन्हा सुरू झाली आणि चार दिवस वजन स्थिर राहिले की जुना पिंजरा उचलायला हरकत नाही.