दरडावण्याआधी बोला
अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली सुरी हाती घेतलेल्या एका मानसिक आजारी कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोक संतापले. १९८८ पासून तिथे निवडक पोलिसांना ४० तासांचे प्रशिक्षण मिळू लागले. अंतर राखा, एकानेच बोला, आवाज खाली, उत्तराला वेळ द्या. वॉर्डात आम्ही परिचारिका वेगळे काय करतो? दरडावले की घाबरलेला माणूस आणखी बिथरतो.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०० आहे. पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावेच लागते. वस्तीतून ११२ ला फोन करताना नुसते ‘मारामारी’ म्हणू नका. ‘आजारी आहे, गोळ्या सुटल्यात, हातात अमुक आहे’ असे सांगा.