पहिल्या सेशनला जाण्याआधी

खासगी थेरपिस्टचा नंबर मिळवूनही महिनोन्‌महिने फोन न करणारी माणसं आपल्या आसपास असतात. त्यांना अडवतात त्या बऱ्याचदा ऐकीव गोष्टी. त्यातल्या काही इथे तपासून पाहू.

‘डोकं फिरल्याशिवाय तिथे कोण जातं?’
पुष्कळ जण जातात. जवळचं माणूस गेल्यावर, संसारात सतत खटके उडू लागल्यावर, परीक्षेच्या किंवा नोकरीच्या ताणाने झोप उडाल्यावर. आजाराचं निदान झालेलं असलंच पाहिजे, अशी अट नाही.

‘गेलं की गोळ्या मागे लागणार.’
गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. गरज दिसली तर डॉक्टरांकडे पाठवतात आणि मग दोन्ही उपचार सोबत चालतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र नोंदणीची घडी अजून नीट बसलेली नाही, म्हणून शिक्षण कुठे झालं, अनुभव कशाचा आहे, हे फोनवरच विचारावं. फी किती आणि वेळ रद्द करायची तर किती आधी कळवायचं, हेही. या प्रश्नांचा राग येणाऱ्या थेरपिस्टकडे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागेल.’
मुळीच नाही. सेशन साधारण 45 ते 60 मिनिटांचं असतं आणि पहिलं बरंचसं ओळखीत जातं. एखादा फॉर्म, संमतिपत्र, मग प्रश्न: झोप कशी आहे, जेवण जातं का, घरी कोण कोण असतं, आधी काही उपचार झालेत का, जीव द्यावासा वाटतो का? हा शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नका, तो नेहमीच्या तपासणीचा भाग आहे. ‘याबद्दल आज नको’ असं म्हणायची मुभा तुम्हाला असते. काही जण बाहेर पडताना हलके होतात, काही जण उलट थकतात. दोन्ही स्वाभाविक आहे.

‘नुसत्या गप्पांचे कसले पैसे? सल्ला तर मैत्रीणही देते.’
थेरपिस्ट ‘नोकरी सोड’, ‘नवऱ्याला माफ कर’ असे निर्णय तुमच्यासाठी घेत नाही. काम वेगळंच चालतं. समजा, साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही आणि तुमचा दिवस नासला. विचारांवर काम करणाऱ्या पद्धतीत तुम्हाला वहीत रकाने आखायला सांगतील: प्रसंग काय, मनात कोणता विचार आला, काय वाटलं, त्या विचाराला पुरावा काय? ‘माझं काम त्यांना आवडलं नसणार’ हा विचार कागदावर उतरला की तो अंदाज आहे, हे दिसू लागतं. आठवडाभर हे घरी करायचं आणि पुढच्या वेळी वही घेऊन जायचं. अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली आणि मराठीत विवेकनिष्ठ म्हणून ओळखली जाणारी उपचारपद्धती याच वाटेने जाते. त्यामुळे दोन भेटींत कायापालट होत नाही. अशा उपचाराला अनेकदा 12 ते 20 सेशन्स लागतात, काहींना कमी, काहींना बरीच जास्त.

‘आपलं सगळं गावभर होईल.’
मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. लहान मुलावरील लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्यानुसार तो कळवावाच लागतो. या मर्यादा पहिल्या भेटीतच समजावून घ्या. मुलाला नेत असाल, तर मुलाचं बोलणं तुम्हाला कितपत सांगितलं जाईल, हेही तेव्हाच ठरवा.

‘एकदा धरला तो थेरपिस्ट सोडता येत नाही.’
येतो. तीन-चार भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल तर तसं तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट पद्धत बदलून पाहील किंवा दुसरं नाव सुचवेल.

एक मात्र ध्यानात ठेवा. खासगी थेरपिस्ट ही रात्री-अपरात्री मिळणारी सेवा नसते. जीव नकोसा झाला असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरच्या कुणाला तरी जवळ बोलवा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.