दर दोन तासांची कूस

महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखाद्या डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय येते, आणि अशा संस्थांची नोंदणी ज्या १९४९ च्या कायद्याखाली होते, त्यातही 'शुश्रूषागृह' या संज्ञेत प्रसूतिगृहाचा समावेश आहे. परंतु पुणे-मुंबईसारख्या शहरांत त्याच नावाच्या आसऱ्याने आणखी एका प्रकारची संस्था उभी राहिली आहे, जिथे अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे महिनोन्‌महिने राहतात आणि रोग बरा करण्यापेक्षा देह सांभाळणे हेच मुख्य काम असते. अशा ठिकाणची निवड करताना नातेवाईक बहुधा बाग, खोलीतला उजेड, जेवणाचा तक्ता आणि सायंकाळचे भजन पाहतात. अनुभवी परिचारिका मात्र रुग्णाला कुशीवर वळवून त्याच्या माकडहाडाभोवतीची त्वचा पाहते, कारण तिथे कित्येक आठवड्यांच्या सेवेचा हिशेब लिहिलेला असतो.

शय्याव्रण, म्हणजे बोलीतला बेडसोर, हा हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या मांसाचा रक्तपुरवठा फार वेळ अडल्यामुळे होणारा व्रण होय. निरोगी माणूस गाढ झोपेतही नकळत कूस बदलतो. पक्षाघाताने किंवा प्रगत स्मृतिभ्रंशाने जखडलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि पुष्कळदा दाब खुपतो आहे हे सांगताही येत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे आणि डोक्याची मागची बाजू या जागा प्रथम धोक्यात येतात. नुकसान अनेकदा हाडालगत खोलवर सुरू होत असल्याने वर रुपयाएवढी जखम दिसते तेव्हा आत तिच्याहून मोठी पोकळी असू शकते.

त्यामुळे या गृहांतले सर्वांत महत्त्वाचे काम कोणत्याही यंत्राचे नसून कूस बदलण्याचे असते, आणि ते बाहेरून दिसते तितके सोपे नाही. रुग्णाच्या कमरेखाली आडवी घातलेली चादर, जिला ड्रॉशीट म्हणतात, तिची दोन्ही टोके दोघींनी दोन बाजूंनी गुंडाळून धरायची, एकाच वेळी उचलायचे आणि मग सरकवायचे, असा क्रम असतो. एकटीने काखेत हात घालून वर ओढले, तर त्वचा चादरीला चिकटून जागीच राहते, आतले हाड पुढे जाते आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. ही खेच नुसत्या दाबापेक्षा वाईट. पूर्ण काटकोनात कुशीवर निजवले तर सारा भार खुब्याच्या टोकावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल ठेवतात, गुडघ्यांमध्ये दुसरी उशी घालतात आणि पोटऱ्यांखाली तिसरी अशी सरकवतात की टाचा अधांतरी राहाव्यात. त्यानंतर हात फिरवून चादरीची सुरकुती, पोळीचा कण, अंगाखाली आलेली लघवीची नळी शोधली जाते. हा शेवटचा हात फिरतो की नाही, यावरून काम करणारीची पारख होते.

याच कामात एक खरा पेच दडलेला आहे. नाकातून जठरापर्यंत गेलेल्या राइल्स ट्यूबने ज्यांना अन्न दिले जाते, त्यांचे डोके अन्न देताना आणि नंतरही काही वेळ ३० ते ४५ अंश उंच ठेवावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो; पण डोके उंच केले की शरीर हळूहळू खाली घसरते आणि माकडहाडावर नेमकी तीच खेच बसते. फुप्फुस सांभाळावे की पाठ, या प्रश्नाचे उत्तर घड्याळाकडे पाहून, खाट वेळेवर खाली करूनच द्यावे लागते.

परंपरेने चालत आलेल्या काही रीतीही इथे आड येतात. स्पिरिट लावून पाठ चोळणे आणि वर पावडर मारणे हा एके काळी परिचर्येच्या शिक्षणाचा भाग होता. आता लाल झालेली जागा चोळू नये, असे सांगितले जाते, कारण आधीच दुखावलेल्या पेशी चोळण्याने आणखी फाटतात. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा किंवा कमरेखाली कापसाचे कडे ठेवण्याची सवयही अशीच मोडायला हवी, कारण कडे दाब नाहीसा करत नाही, तो कडेच्या गोलाकारावर गोळा करते. शिवाय बोटाने दाबून लाली जाते का हे पाहण्याची पाठ्यपुस्तकी खूण गोऱ्या त्वचेवर जितकी स्पष्ट दिसते, तितकी आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर दिसत नाही. तिथे हाताच्या पालथ्या बाजूला जाणवणारी ऊब, कठीणपणा किंवा मऊ पडलेला भाग यांवर भिस्त ठेवावी लागते.

धोका मोजण्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये मांडलेली गुणपद्धती जगभर वापरली जाते. संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण अशा सहा बाबींना मिळून ६ ते २३ गुण देतात आणि गुण जितके कमी तितका धोका अधिक. याच बर्गस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातील शुश्रूषागृहांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चांगल्या घनतेच्या फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष झोपमोड टाळण्यासाठी मोलाचा आहे. मात्र खपाटीला गेलेल्या कापसाच्या गादीवर तो लागू करणे म्हणजे आळसाला संशोधनाची शाल पांघरणे होय.

नोंदवहीचा प्रश्न याहून अवघड आहे. वीस खाटा आणि रात्रपाळीला दोन मावशी असे गृहीत धरले, आणि डायपर बदलण्यासह प्रत्येक रुग्णामागे दोघींची दहा मिनिटे धरली, तर एक फेरी पुरी व्हायला तीन तास वीस मिनिटे लागतात, आणि त्यात मध्येच वाजलेली घंटा किंवा कुणाची उलटी धरलेली नाही. अशा रात्रीच्या तक्त्यात दहा, बारा, दोन, चार या रकान्यांपुढे डावी, पाठ, उजवी असे बिनचूक भरलेले असेल, तर पहाटे एकाच शाईत, एकाच बैठकीत ते भरले गेले असे समजायला हरकत नाही. त्यासाठी मावशींना दोष देण्यापूर्वी पाळीचे गणित कोणी मांडले हे पाहायला हवे, आणि हेही की तक्त्यावर सही सिस्टरची असते, प्रत्यक्ष वळवणारीची नसते. सकाळी पाळी बदलताना बॅग खांद्याला अडकवत मावशी सांगतात, "आजींची कंबर उजवीकडून गरम लागतेय." हे वाक्य लिहायला तक्त्यात रकाना नसतो.