एंजिनांतील पाणी कसें बदलावें

बैलगाडीची जागा आतां खेडोपाडीं पिकअप गाडीनें घेतली आहे. बैलास पाणी केव्हां व कोणतें पाजावें, हें आपल्या वडीलधाऱ्यांस कोणी शिकवावें लागत नसे. गाडीच्या एंजिनास कोणतें पाणी द्यावें, याविषयीं मात्र आपण फार बेफिकीर असतों. हा दोष मी इतरांस लावीत नाहीं. तो प्रथम माझाच होता.

माझ्या पुतण्याची अशी एक गाडी आहे. "कूलंटवर पैसे कशाला घालवतोस? आपल्या विहिरीचें पाणी घाल," असा सल्ला मींच त्यास दिला होता. सन २०१९ च्या मे महिन्यांत केळीचे घड भरून तो चाळीसगांवाहून कन्नडचा घाट चढत असतां एंजिन तापलें. त्यानें घाईनें रेडिएटरचें झाकण फिरविलें, तोंच उकळत्या पाण्याचा फवारा हातावर आला. हात कोपरापर्यंत भाजला आणि गाडी महिनाभर दारांत उभी राहिली. त्या महिन्यांत मी जें शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें पाणी काय करतें तें पाहूं. इंधन जळतांना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा बराच भाग एंजिनाच्या भिंतींत शिरतो. त्या भिंतींमधील पोकळ वाटांतून पंप पाणी फिरवितो. तें तापून रेडिएटरमध्यें येतें, वाऱ्यानें निवतें व पुनः आंत जातें. विहिरीच्या पाण्यांत क्षार असतात. पाणी तापविण्याच्या बंबाच्या आंत जसा पांढरा थर धरतो, तसाच तो येथेंही धरतो. नळ्या अरुंद होतात व उष्णता बाहेर पडत नाहीं. शिवाय धातूस गंज चढतो तो निराळाच.

कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल व त्यांत मिसळलेलीं गंजरोधक द्रव्यें. हें ग्लायकॉल वुर्त्स नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५६ सालीं प्रथम तयार केलें. थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून तें घालतात. आपणांस त्याचा उपयोग दुसरा आहे. निम्में कूलंट व निम्में पाणी यांचें मिश्रण शंभर अंशांवर न उकळतां सुमारें १०७ अंशांवर उकळतें. आणि घट्ट झाकणामुळें आंत दाब असल्यानें तो अंक १२० च्याही वर जातो. तापलेलें झाकण उघडतांच हा दाब नाहींसा होतो व सर्व पाणी एकदम उसळतें. माझ्या पुतण्याच्या हातावर आलें तें हेंच. मात्र निव्वळ कूलंट भरणें हेंही चूक आहे. कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाहीं.

गंजरोधक द्रव्यें कालांतरानें संपतात, म्हणून कूलंट बदलावें लागतें. किती वर्षांनीं व कोणत्या जातीचें, हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. रंगावर विश्वासूं नये. एकाच रंगाचीं दोन कूलंटें भिन्न जातींचीं असूं शकतात आणि भिन्न जाती मिसळूं नयेत.

आतां कृति. गाडी सपाट जागीं लावून हँडब्रेक ओढावा. एंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं घेणें उत्तम. किल्ली काढून ठेवावी. नंतर झाकण काढावें, रेडिएटरखालीं रुंद घमेलें ठेवावें आणि तळाचें बूच, तें नसेल तर खालची रबरी नळी, सैल करावी. निघालेलें पाणी मापून त्याचा अंक लिहून ठेवावा. मग बूच लावून साधें स्वच्छ पाणी भरावें, एंजिन थोडा वेळ चालवावें, पुनः निवूं द्यावें व पाणी काढावें. पाणी नितळ येईपर्यंत हें करावें. शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची असावी.

येथें थोडें गणित आहे. एकूण १० लिटर मावतें व निघालें ७ लिटर, असें समजा. म्हणजे धुतल्यावरही ३ लिटर पाणी एंजिनांत उरतें. आपण निम्मेनिम मिश्रण ७ लिटर ओतलें, तर कूलंट साडेतीन लिटरच, म्हणजे शेंकडा ३५ होईल. म्हणून आधीं निव्वळ कूलंट ५ लिटर ओतावें व उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानें भरावी. तयार मिश्रणाचा कॅन या हिशेबास चालत नाहीं; डब्यावरील मजकूर वाचावा.

हवेचा बुडबुडा आंत अडकला तर एंजिन पुनः तापतें. यासाठीं पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें हवा काढावी. गाडींत हीटर असल्यास तो उष्णतेवर ठेवून एंजिन चालवावें. वरची नळी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला असें समजावें. दुसऱ्या दिवशीं एंजिन थंड असतां पातळी पाहून उणें तितकें भरावें.

काम येथें संपलें असें वाटतें. पण घमेल्यांतील जुनें कूलंट अजून शिल्लक आहे. तें चवीस गोड व अत्यंत विषारी असतें. कुत्रें, वासरूं किंवा लहान मूल तें सहज तोंडाला लावील, आणि त्यानें मूत्रपिंडें निकामी होऊन मृत्यूही येतो. तें गटारांत, शेतांत वा विहिरीजवळ ओतूं नये. झाकणाच्या डब्यांत भरून वर 'विष' असें ठळक लिहावें आणि असलीं द्रव्यें विल्हेवाटीसाठीं घेणाऱ्या गॅरेजांत पोंचवावें. सांडलें असेल तें लगेच पुसून घ्यावें. कोणाच्या पोटांत गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

माझा पुतण्या आतां हें काम घरींच करतो. त्याच्या हातावरील डाग गेलेला नाहीं. तो पाहिला कीं माझा सल्ला मला आठवतो. आपण तसा सल्ला कोणास देऊं नये, आणि झाकणास हात लावण्यापूर्वीं एंजिन निवूं द्यावें, एवढीच विनंती आहे.