मॅक्सिमम कार्ड : चित्र, तिकीट आणि शिक्का यांचा मेळ

१ जुलै हा दिवस आपण सारे डॉक्टर बंधुभगिनी डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ 'डॉक्टर दिन' म्हणून पाळतो. त्याच १ जुलैला, १८७९ साली, भारतात पोस्टकार्ड सुरू झाले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ऑस्ट्रियात १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातले पहिले पोस्टकार्ड निघाले आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत पाव आण्याचे कार्ड आपल्याकडे आले. यंदाच्या स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय सोडून काही लिहा, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा या योगायोगाचा आधार घेऊन माझ्या एका छंदाविषयी चार शब्द लिहावेत असे ठरविले.

बाजारहत्नूरला मी दवाखाना थाटला त्या काळी आसपासच्या खेड्यांत टेलिफोन नव्हता. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की वाटा बंद होत आणि रुग्णाऐवजी त्याचे कार्ड येई. 'सा. न. वि. वि.' लिहून झाले की पुढे एकदम मुद्दा: ताप उतरला, खोकला राहिला आहे, गोळ्या संपल्या, पाणी ओसरले की येतो. किनवट-माहूरकडून येणारी कार्डे मराठीत असत. काही कार्डांवर अक्षर गुरुजींचे आणि अंगठा रुग्णाचा असे. मुलीचे लग्न ठरले की कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले कार्ड येई. आणि कधी कोपरा फाडलेले कार्ड हाती पडे, तेव्हा मजकूर वाचण्याआधीच कळून चुके. असे कार्ड वाचून लगेच नष्ट करावयाचे, घरात ठेवावयाचे नाही, हा रिवाज. त्यामुळे कोणत्याही जुन्या संग्रहात पाहा, कोपरा फाटलेले कार्ड सहसा आढळत नाही.

बाकीची कार्डे मी एका पत्र्याच्या डब्यात टाकीत असे. दवाखान्याची जागा बदलताना तो डबा रद्दीत गेला. पाठविणारा मीच होतो, दुसऱ्या कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पुढे काही वर्षांनी हैदराबादच्या एका टपाल-तिकीट प्रदर्शनात काचेखाली मांडलेली साधी पोस्टकार्डे पाहिली आणि आपण काय घालविले याची जाणीव झाली. त्याच प्रदर्शनात मॅक्सिमम कार्ड हा प्रकार मी प्रथम पाहिला.

नेहमीच्या पोस्टकार्डावर तिकीट पत्त्याच्या बाजूस असते. मॅक्सिमम कार्डात ते चित्राच्या बाजूस लावतात, आणि चित्रात जे आहे तेच तिकिटावरही असावे लागते. त्यावर पडणारा टपालाचा शिक्काही त्या विषयाशी नाते सांगणाऱ्या गावचा आणि योग्य काळातला हवा. विषय, स्थळ आणि काळ या तिन्हींचा जास्तीत जास्त मेळ, म्हणून 'मॅक्सिमम'. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तला जाणारे प्रवासी स्फिंक्सचे चित्रकार्ड घेत, त्यावरच स्फिंक्स आणि पिरॅमिडचे तिकीट चिकटवीत आणि शिक्का मारून घेत. ती या छंदाची नकळत झालेली सुरुवात. पुढे युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, त्याला शिस्त लागली. तेथील संग्राहकांची संघटना १९४४ सालची आहे.

नियम वाचून छंद कळतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो चुकीतून कळला. मलेरिया आम्हा आदिलाबादकरांना पुस्तकातून शिकावा लागला नाही, त्यामुळे सर रोनाल्ड रॉस यांच्याविषयी मला पहिल्यापासून आपुलकी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादच्या बेगमपेठ येथील लष्करी रुग्णालयात रॉस यांना मलेरियाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठरभित्तीत रंगकणयुक्त पेशी दिसल्या. हुसेन खान या रुग्णाने एका डासामागे एक आणा घेऊन डासांना आपले रक्त पाजले होते. नोबेल पारितोषिक रॉस यांना १९०२ साली मिळाले. हुसेन खानाच्या नावाचे तिकीट अजून निघालेले नाही. असो. या शोधाच्या शताब्दीदिनी, २० ऑगस्ट १९९७ रोजी, भारतीय टपाल खात्याने रॉस यांचे दोन रुपयांचे तिकीट काढले. मी आधीच बेगमपेठच्या त्या इमारतीचे छायाचित्र स्टुडिओतून कार्डाच्या आकारात छापून घेतले होते. दवाखाना बंद ठेवून एस. टी.ने सिकंदराबाद गाठले, तिकीट चित्रावर लावले आणि त्याच तारखेचा शिक्का घेऊन विजयी मुद्रेने परतलो.

शिक्का मिळविणे हेही सोपे नव्हते. खिडकीवरील गृहस्थांनी कार्ड उलटेपालटे करून पाहिले आणि मला समजावले, "साहेब, तिकीट उलट्या बाजूला लागलंय. पत्ता कुठंय?" पत्ता नाही आणि कार्ड पाठवावयाचेही नाही, फक्त शिक्का हवा आहे, हे ऐकून त्यांनी मागच्या रांगेकडे असे काही पाहिले की मला माझ्या पदवीची लाज वाटली. शेवटी एका वृद्ध कर्मचाऱ्याने कार्ड हातात घेतले, शिक्क्यावरची शाई एका कागदावर आजमावली आणि अर्धा तिकिटावर, अर्धा चित्रावर असा सुबक ठसा उमटवून दिला.

हे कार्ड मी पुढे एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखविले. त्यांनी भिंग लावून शिक्का वाचला, वाहवा केली आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, हे मॅक्सिमम कार्ड नव्हे." तिकिटावर रॉस यांची प्रतिमा होती आणि माझ्या कार्डावर इमारत. स्थळ जुळले, काळ जुळला, विषय जुळला नाही. शिवाय स्वतः काढून घेतलेले छायाचित्र चालत नाही. शक्यतो बाजारात विकले जाणारे आणि तिकीट निघण्यापूर्वीपासून उपलब्ध असलेले चित्रकार्ड हवे. केवळ थंडी वाजून ताप आला म्हणून मलेरिया म्हणू नये, रक्ताची स्लाइड पाहावी, असे शिकाऊ डॉक्टरांना सांगणारा मी, स्वतः मात्र दोन लक्षणांवर निदान करून बसलो होतो.

ते कार्ड मी टाकले नाही, पण संग्रहात वेगळ्या पानावर ठेवले आहे. त्यानंतर नियम नीट समजून घेतले. कार्ड १०५ गुणिले १४८ मिलिमीटरहून मोठे नसावे. चित्राने कार्डाचा किमान तीन चतुर्थांश भाग व्यापलेला असावा. तिकीट एकच लावावे आणि कार्डावरचे चित्र ही तिकिटाचीच मोठी केलेली प्रत नसावी, कारण मग जुळविण्यासारखे काही उरतच नाही. व्यक्तीच्या बाबतीत शिक्का तिच्या जन्माच्या, कार्याच्या वा मृत्यूच्या गावाचा घ्यावा. प्राण्याच्या वा वनस्पतीच्या बाबतीत तिचा जेथे वास आहे तेथला. काळ म्हणजे तिकीट चलनात असण्याचा काळ, आणि तोही प्रकाशनाच्या दिवसाच्या जितका जवळ तितका उत्तम.

मराठी डॉक्टरने हा छंद आरंभावयाचा तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यापासून आरंभावा, असे माझे मत आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला जन्म, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण, १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात समावेश, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच मृत्यू. वय अवघे बत्तीस. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चीनने कोटणिसांच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, ९ डिसेंबर १९८२ रोजी, दोन तिकिटे काढली. भारताने एक रुपयाचे तिकीट काढले ते ९ डिसेंबर १९९३ रोजी, म्हणजे अकरा वर्षांनी. या दिरंगाईबद्दल आपण मराठी माणसांनी कधी खंत व्यक्त केल्याचे स्मरत नाही. भारतीय तिकिटाचे एक कार्ड मला अदलाबदलीत मिळाले. कोटणिसांचे छायाचित्र, त्यावर तिकीट आणि शिक्का मुंबईचा. सोलापूरचा असता तर मेळ अधिक घट्ट झाला असता; पण ज्या शहरात ते डॉक्टर झाले ते शहरही अगदीच परके म्हणता येणार नाही. याच्या शेजारी चिनी तिकिटाचे, हपै प्रांतातील शिक्क्याचे कार्ड ठेवता आले, तर चेहरा एकच, पण लिपी दोन आणि देश दोन, असे एक पान तयार होईल. ते पान माझ्या वहीत अजून अर्धे रिकामे आहे.

वनस्पतींच्या बाबतीत २८ ऑक्टोबर १९९७ ची चार तिकिटे आपल्या व्यवसायाला जवळची आहेत: तुळस, हळद, कोरफड आणि सर्पगंधा. यांतल्या सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. तुळशीचे आणि हळदीचे चित्रकार्ड मिळू शकेल. सर्पगंधेचे मात्र मी शोधून थकलो.

आता माझ्या मनात घर करून बसलेल्या कार्डाविषयी. आपला आदिलाबाद जिल्हा आणि पलीकडचा मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते, आणि त्या राज्याची स्वतःची टपाल तिकिटे होती. १९३१ च्या मालिकेत चारमिनार आहे, तशीच अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनारही आहे. १९३७ साली सातव्या निजामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चार तिकिटे निघाली, त्यांतली दोन चक्क रुग्णालयांची: चार पैचे युनानी दवाखान्याचे आणि आठ पैचे उस्मानिया रुग्णालयाचे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने जुना अफझलगंज दवाखाना वाहून नेला, त्यानंतर नदीकाठी व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार उस्मानियाची भव्य इमारत उभी राहिली. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली. तोवर मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला आपल्या राज्यात डॉक्टर व्हायचे तर हैदराबादच गाठावे लागे, आणि रुग्णतपासणीचे धडे या घुमटांखालीच गिरवावे लागत.

उस्मानियाचे चित्रकार्ड, त्यावर आठ पैचे तिकीट आणि हैदराबादचा १९३७ चा शिक्का, असे कार्ड कोणी करून घेतले असेल का? माझ्या पाहण्यात ते आजवर आलेले नाही. तिकीट आजही विकत मिळते, जुने चित्रकार्डही प्रयत्नाने मिळेल. पण १९५० साली निजामाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले, तेव्हापासून त्या तिकिटावर शिक्का मारणारा राहिला नाही. म्हणजे हे कार्ड आता कोणालाही करता येणार नाही, ते फक्त सापडू शकते. इमारतीचीही स्थिती फार बरी नाही. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी वॉर्डांत शिरले आणि त्या जुन्या वास्तूतून रुग्ण हलवावे लागले.

आमच्या बाजारहत्नूरचे मॅक्सिमम कार्ड होईल का, असे मला मुले विचारतात. गिरनूरजवळचा कनकाईचा धबधबा चित्रकार्डावर शोभेल यात शंका नाही, परंतु त्याचे तिकीट नाही. आणि टपाल खात्याच्या 'माय स्टँप' योजनेत आपण दिलेले चित्र तिकिटाला जोडून छापले जाते, ते स्वतः तिकीट नव्हे. तेव्हा नियमात बसणारे कार्ड आज तरी होत नाही. तरीसुद्धा दर वर्षी १ जुलैला मी गावातल्या पोस्टात जाऊन साध्या पन्नास पैशांच्या कार्डावर त्या दिवसाचे पाऊसपाणी आणि दवाखान्यातले तापाचे रुग्ण किती, एवढे दोन ओळींत लिहितो आणि ते माझ्याच पत्त्यावर टाकतो. गेलेल्या डब्याची ही भरपाई नव्हे, हे मला कळते.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनी कार्डाला सेलोटेप लावू नये, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ते कोंबू नये आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात अल्बम लोखंडी कपाटात बंद करून विसरू नये, महिन्यातून एकदा तरी उघडून कोरडी हवा द्यावी.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा उस्मानियात शिकलेले आहेत. त्यांच्या ट्रंका, जुन्या पुस्तकांची पाने, देवघरामागचे डबे रिकामे करण्याची वेळ येईल, तेव्हा कार्डांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी तो एकदा उलटून चित्राची बाजू पाहावी. आठ पैचे तिकीट तेथे दिसलेच, तर संपादकांकडून माझा पत्ता घ्यावा. कार्ड मला दिले नाही तरी चालेल, मी पाहावयास येईन.